ठेंगणी गाडी

मराठीचा प्राध्यापक म्हटला की शब्दांची फोड करीत बसण्याची खोड त्याला असायचीच. वर्गातल्या मुलांना ती जाचते, घरच्यांच्या ती अंगवळणी पडलेली असते; वाचकांनीही ती घटकाभर सोसावी. ‘हिवाळा’ हा आपला साधा शब्द घ्या. हिमाचा काळ तो हिवाळा. ज्या तापात अंगात थंडी भरते तो हिवताप. आमच्या कॉटन ग्रीनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या माणसे हा शब्द बिनदिक्कत वापरीत आली आहेत. आणि तिथला हिवाळा म्हणजे काय? डिसेंबरात पहाटे पंख्याचे बटण एका आकड्याने मागे न्यायचे, आणि हार्बरच्या सकाळच्या गाडीत कानाला मफलर गुंडाळलेले दोन-चार पेन्शनर पाहायचे. हिमाशी आमचा संबंध गोळेवाल्याच्या रंध्यापुरता!

अर्थात नाव एक आणि वस्तू भलतीच, हा प्रकार आमच्या वस्तीला नवा नाही. कॉटन ग्रीनमध्ये हिरवळ कधीच नव्हती. मुळात ‘ग्रीन’ म्हणत ते कोटातल्या टाउन हॉलसमोरच्या मोकळ्या मैदानाला. कापसाचे गठ्ठे तिथे रचलेले असत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तो बाजार कुलाब्याला गेला, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात शिवडी-माझगावच्या बाजूला गोदीतला गाळ टाकून तयार केलेल्या जमिनीवर आला. कापूस आला तसे त्याच्याबरोबर नावही आले. पुढे कापूसही पांगला. नाव तेवढे स्टेशनच्या पाटीवर राहिले आहे.

आणि तसे पाहिले तर अस्सल हिवाळी बर्फही मुंबईने एके काळी पाहिला आहे. १८३० च्या दशकात अमेरिकेतल्या बोस्टन बंदरातून तळ्यांवर गोठलेल्या बर्फाच्या लाद्या लाकडाच्या भुशात लपेटून जहाजाने इथे येत, आणि साहेब लोकांच्या व शेठ लोकांच्या पेल्यांत पडत. दोन महासागर ओलांडून आलेला तो पाहुणा इथे यायचा आणि विरघळून जायचा. उलट दिशेने जाऊन त्याचे माहेर पाहण्याचा योग मला आला तो २०२५ च्या फेब्रुवारीत, कॅनडातल्या माँट्रियल शहरी. आणि तेही जमिनीपासून जेमतेम हातभर उंचीवर बसून. कारण माझा भाचा चालवतो ती गाडीच तेवढी ठेंगणी आहे.

मी तिकडे हौसेने गेलो नव्हतो. ताईने मला वकिली देऊन पाठवले होते. कृष्णशिष्टाईचे फळ काय झाले हे वर्गात दरवर्षी शिकवीत असूनही मी ती पत्करली, कारण थोरल्या बहिणीपुढे प्राध्यापकाचे काही चालत नाही. वकिलीचे कलम एकच होते: पोराला ती गाडी विकायला लावणे.

ताईच्या हट्टामागे कारण होते. भाऊजी ट्रक चालवीत. कॉटन ग्रीनच्या आणि दारूखान्याच्या गोदामांतून माल भरायचा, नाशिक-धुळ्याकडे टाकायचा आणि परतायचे. १९९९ च्या जून महिन्यात, पावसाच्या पहिल्याच सरीत, कसारा घाटात त्यांचा ट्रक घसरला. पोर तेव्हा पाच वर्षांचे होते. ताईने त्यानंतर अभ्युदयनगरातल्या खोलीत पोळीभाजीचे डबे सुरू केले. पहाटे चारला स्टोव्ह पेटायचा तो दुपारी बाराला विझायचा. त्या डब्यांवर पोर माटुंग्याच्या व्ही. जे. टी. आय. मधून इंजिनिअर झाले आणि २०१७ साली पुढच्या शिक्षणासाठी माँट्रियलला गेले. तिथेच नोकरीला लागले. इथवर सगळे ठीक होते. मग एके दिवशी फोनवर त्या गाडीचा फोटो आला.

गाडी माझदा कंपनीची, मियाटा नावाची, वीसेक वर्षांची जुनी, दोनच माणसांची, वर कापडी छत. शेजारी उभा राहिलो तर माझ्या छातीला लागणारी. ताईने फोटो पाहिला आणि म्हणाली, “एवढा शिकला, आणि बसायला पाट घेतला!”

त्या पाटावर बसण्याचा पहिला अनुभव मी विसरणार नाही. बसायचे म्हणजे आधी वाकायचे, मग एक पाय आत, मग देह सोडून द्यायचा, मग उरलेला पाय हाताने उचलून आत घ्यायचा. पंगतीला बसल्यासारखे पाय समोर लांब पसरलेले. शेजारून मालवाहू गाडी गेली की तिचे चाक तुमच्या डोळ्यांसमोर फिरते आणि ड्रायव्हर म्हणून कोणी मनुष्यप्राणी वर कुठे असेल, हे निव्वळ श्रद्धेने मानायचे. मला भाऊजींचा ट्रक आठवत होता. तीन पायऱ्या चढून त्यांच्या शेजारी बसले की बेस्टच्या बसचे टपदेखील जवळ वाटायचे; सारा लालबाग आपल्याला मुजरा करतो आहे असे भासायचे. ज्याच्या बापाने आयुष्य इतक्या उंचावर बसून काढले, त्याने इतके खाली का बसावे?

“मामा, पट्टा लाव,” एवढेच तो म्हणाला, आणि आम्ही निघालो.

ठेंगण्या गाडीला बर्फ किती प्रकारांनी छळू शकतो, हे मला तीन आठवड्यांत कळले. बर्फ हा एकच पदार्थ आहे ही आपली समजूत आधी टाकून द्यावी लागते. नुकताच पडलेला, कोरडा, वाऱ्याने उडणारा बर्फ म्हणजे पिठीसाखर. तो त्रास देत नाही. चाकाखाली दबताना कोरड्या पोह्यांसारखा कुरकुरतो. एक दिवस शिळा झाला की त्याचा रवा होतो. रस्त्यावर मीठ टाकले की त्याची तपकिरी रबडी होते, आणि ती समोरच्या गाडीच्या चाकांनी उडून ठेंगण्या गाडीच्या काचेवर बरोबर डोळ्यांच्या रेषेत येऊन बसते. आणि सगळ्यांत वाईट तो, जो दिसतच नाही. रस्त्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा गोठतो आणि त्यातून खालचे काळे डांबर आरपार दिसते. तुम्हाला वाटते रस्ता नुसता ओला आहे. पुलांवर हा प्रकार आधी होतो, कारण पुलाला वरूनही थंडी लागते आणि खालूनही. तिथले लोक त्याला काळा बर्फच म्हणतात. भाचा म्हणाला, “मामा, आपल्याकडचं शेवाळ निदान हिरवं तरी असतं.”

या सगळ्यावर उपाय म्हणून पहिली गोष्ट टायर. क्वेबेक प्रांतात २००८ सालापासून कायदाच आहे. हल्ली १ डिसेंबर ते १५ मार्च गाडीला हिवाळी टायर असलेच पाहिजेत. त्यांत गुपित नक्षीइतकेच रबराचे असते. साधे रबर साताठ अंशांखाली कडक होऊ लागते, आणि कडक रबर रस्त्याला धरत नाही. हिवाळी टायरचे रबर उणे वीसमध्येही मऊ राहते. भाच्याची गाडी मागच्या चाकांनी ढकलली जाणारी, त्यातून वजनाने जेमतेम टनभर. तेव्हा मागच्या डिकीत मांजरांसाठी विकतात त्या वाळूची जड पिशवी. मागे थोडे वजनही होते, आणि चाक एका जागी फिरू लागले तर तीच वाळू खाली पसरता येते. शिवाय फावडे, काच खरवडायची पट्टी, घोंगडी. शरद ऋतूत गाडीच्या पोटाला तेल मारून घेतात, म्हणजे मिठाने पत्रा गंजत नाही. ही गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. आपल्याकडे नरकचतुर्दशीला माणसांना अभ्यंग, त्याच सुमाराला तिकडे गाड्यांना!

पण टायर कितीही चांगले असले तरी पोटाची उंची वाढत नाही. जमीन आणि गाडीचे पोट यांत जेमतेम पाच इंचांचे अंतर. बर्फ काढणारी यंत्रे रस्ता साफ करताना कडेला बांध घालत जातात, आणि तो बांध गल्लीच्या तोंडाशी आडवा पडतो. उंच गाड्या तो तुडवून जातात. ही गाडी त्यावर चढली तर पोटावर बसते, आणि मग चारी चाके असूनही नसल्यासारखी. पालथ्या कासवाला पाय असतात तशी. कोपऱ्याकोपऱ्यावर बर्फाचे ढीग माणसाहून उंच. त्यांच्याआडून ठेंगण्या गाडीतून काही दिसत नाही आणि ठेंगणी गाडी कोणाला दिसत नाही. दर नाक्यावर भाचा इंच इंच पुढे सरकत, काच खाली करून कान देत असे. उणे अठरामध्ये काच खाली! माझे कान गेले असे मला दोनदा वाटले.

तुम्ही म्हणाल, मग असली गाडी हवीच कशाला? मीही तेच विचारणार होतो. पण खरे सांगायचे तर आम्हा कॉटन ग्रीनवाल्यांना हा प्रश्न विचारायचा फारसा अधिकार नाही. जुलैत हिंदमाताला कमरेइतके पाणी भरते हे ठाऊक असताना आम्ही त्याच वाटेने दादरला जातो. भरतीची वेळ पेपरात पाहून घराबाहेर पडणारी आमची जात. पुढच्या गाडीच्या चाकाचा किती भाग बुडाला आहे त्यावरून खोली ओळखायची, पहिल्या गिअरमध्ये एका चालीने जायचे, पाण्यात असताना पायाखालचा ॲक्सिलरेटर सोडायचा नाही, ही विद्या परळ-लालबागच्या टॅक्सीवाल्यांकडे पिढीजात आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी पाण्यात अडकलेल्या गाड्यांच्या काचा उघडेनात म्हणून माणसे आतल्या आत गुदमरून गेली. तेव्हापासून कित्येक जण गाडीत हातोडी ठेवू लागले. बर्फातही तीच गत: धुराची नळी बर्फाने बुजली आणि इंजिन चालू राहिले, तर विषारी वायू आत शिरतो. भाचा गाडी सुरू करण्याआधी दर वेळी मागे जाऊन, ओणवे होऊन, हाताने ती नळी मोकळी करी. मी हे पाहत होतो आणि ताईला सांगायच्या गोष्टींत मनातल्या मनात टिपून ठेवत होतो.

एका रविवारी सकाळी तो मला त्याच्या कामाच्या जागेमागच्या पटांगणात घेऊन गेला. रखवालदाराशी त्याची ओळख होती. पटांगण रिकामे, वर घट्ट बर्फाची चकाकी. “घाबरू नकोस,” असे म्हणून त्याने गाडी मुद्दाम घसरवली.

घसरणे म्हणजे काय, हे मी तोवर फक्त केळीच्या सालीवरून ओळखत होतो. गाडीत घसरताना प्रथम आवाज थांबतो. चाकाखालची कुरकुर जाते आणि एक विलक्षण शांतता येते. मग पाठीला जाणवते की मागची बाजू आपल्याला मागे टाकून पुढे जाऊ पाहते आहे. अशा वेळी माणसाचा पाय आपोआप ब्रेककडे जातो. माझा पाय, समोर काही नसताना, गेलाच! भाच्याने पाय उचलून घेतला, चाक जिकडे जायचे तिकडे वळवले, आणि त्याची नजर! ती खिडकीबाहेर, पार दुसऱ्या टोकाच्या दिव्याच्या खांबाकडे लागलेली. गाडी डुलली, सावरली, सरळ झाली. “जिथे जायचं तिथे बघायचं,” तो म्हणाला. “जे चुकवायचं आहे त्याच्याकडे बघितलं की गाडी तिकडेच जाते. आणि ब्रेक नाही. चाकं जाम झाली की स्टिअरिंग नुसतं हातात उरतं.” पंधरा-वीस वेळा त्याने ते केले. शेवटी शेवटी मला त्यात मजादेखील वाटू लागली, हे ताईला सांगायच्या यादीत अर्थातच नव्हते.

मग त्याने इंजिन बंद केले, आणि समोरच पाहत म्हणाला, “मामा, बाबा प्यायले होते का?”

आमच्या घरात गेली पंचवीस वर्षे हा विषय निघालेला नाही. ताईने तसा दंडकच घातला होता; पोराच्या देखत घाटाचे नाव काढायचे नाही. पण वस्तीला दंडक नसतो. ट्रकच्या मालकाने नुकसानभरपाई द्यावी लागू नये म्हणून तेव्हा उठवले होते की ड्रायव्हर दारूच्या अमलाखाली होता. नळावर, जिन्यात, शाळेच्या फाटकाशी ते बोलणे बरीच वर्षे फिरत होते. ते त्याच्या कानांवर सातव्या वर्षीच पडले होते, असे त्याने मला त्या पटांगणात सांगितले. आईला विचारायची हिंमत झाली नाही. मोठा झाल्यावरही झाली नाही.

मी त्याला जे होते ते सांगितले. मी तेव्हा एकवीस वर्षांचा. काकांबरोबर मीच कसाऱ्याला गेलो होतो. भाऊजी दारूला शिवत नसत. पंचनाम्यात किंवा शवविच्छेदनात दारूचा उल्लेख नव्हता. मागून येणाऱ्या ट्रकचा एक ड्रायव्हर चौकीत बसून होता. त्याने पाहिले होते. माल उतरवून भाऊजी मुंबईकडे परत येत होते, घाट उतरत होते, पहिलीच सर, आणि वळणावर समोर एक बस अचानक थांबली. त्यांनी ब्रेक लावला. मागचा भाग फिरला आणि ट्रक कठड्यावर गेला. बस वाचली.

“परत येत होते? म्हणजे ट्रक रिकामा होता?”

“रिकामा.”

तो बराच वेळ बोलला नाही. मग ज्या सुरात तो टायरच्या रबराविषयी बोलत असे त्याच सुरात म्हणाला, “मागे वजनच नव्हतं. उतारावर ब्रेक लावला की उरलेलं वजनही पुढे येतं. आधी मागची चाकं जाम होतात. त्यात पहिल्या पावसाचा रस्ता. उन्हाळाभर सांडलेलं तेल पाण्यावर तरंगत असतं. कुणीही ब्रेक लावला असता, मामा. समोर बस होती.” आणि मग, थोड्या वेळाने: “शुद्धीवरचा माणूसही असा घसरतो का, हे मला बघायचं होतं. इथे आल्यापासून.”

काचेवर आतून आमच्या श्वासांची वाफ गोठत चालली होती. त्याने खरवडायची पट्टी काढली आणि मुकाट्याने काच साफ करायला लागला. मी माझी बाजू साफ केली.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी माँट्रियलवर लागोपाठ दोन हिमवादळे आली. चार दिवसांत सत्तर सेंटीमीटरांहून अधिक बर्फ पडला. सकाळी खिडकीतून पाहिले तर गाडी जागेवर नव्हती. म्हणजे होती, पण तिच्या जागी रस्त्याकडेला एक पांढरी, गुळगुळीत टेकडी होती, आणि तिच्या टोकाशी गाडीचा आरसा तेवढा बाहेर आलेला. मी धास्तावून भाच्याकडे पाहिले. तो चहा पीत होता. “आज गाडी नाही,” तो म्हणाला. “आज मेट्रो.” तिथली मेट्रो १९६६ पासूनची, संपूर्ण जमिनीखालून धावणारी आणि रबरी चाकांची. वर जगबुडी झाली तरी खाली तिचा पत्ता लागत नाही. दादर स्टेशनात पाणी आले की रुळांवरून चालत घरी जाणाऱ्या आम्हाला तिचा हेवा वाटला. पाच दिवस त्याने गाडीकडे पाहिलेदेखील नाही. फक्त रात्री बर्फ उचलणारी यंत्रे यायच्या आधी, गाड्या हलवण्याचा भोंगा वाजण्यापूर्वी, खाली जाऊन दोन तास खपून ती उकरली आणि ढकलत दुसऱ्या बाजूला नेली. मीही फावडे चालवले. माझ्या पाठीला ते अजून आठवते.

मार्चच्या आरंभी मी परतलो. ताई पोळ्या लाटत होती. वकिलाने निकाल सांगितला: गाडी विकत नाही. मग मी टिपून ठेवलेले सगळे सांगितले. धुराची नळी, वाळूची पिशवी, नाक्यावर कान देणे, पाच दिवसांची मेट्रो. ती लाटत राहिली. मग पटांगणातला प्रश्नही सांगितला.

लाटणे थांबले. “सातव्या वर्षी?” एवढेच ती म्हणाली. “कुणी सांगितलं त्याला?”

त्याने नाव सांगितले नव्हते, हे मी तिला सांगितले. तव्यावरची पोळी करपली. तिने गॅस बंद केला, हात धुतले, पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली आणि जुन्या साड्यांच्या तळातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला पंचनाम्याचा कागद काढला. तो तिने इतकी वर्षे जपला होता, हे मला ठाऊक नव्हते. ओट्यावरचे पीठ पदराने पुसून तिने तो तिथे पसरला, घड्या हाताने सपाट केल्या. “याचा फोटो काढून त्याला पाठव. दोन्ही बाजूंचा घे.”

मी फोटो पाठवले. तिकडे पहाट असावी. संध्याकाळी उत्तर आले: “वाचलं.” मग बऱ्याच वेळाने दुसरे: “आईला सांग, महिनाअखेरीस उन्हाळी टायर घालतोय.”

मी ते ताईला वाचून दाखवले. तिने दुसऱ्या दिवशीच्या पिठात पाणी घातले आणि म्हणाली, “इतक्यात कशाला? एप्रिलातसुद्धा पडतो म्हणतात तिथे. एप्रिल जाऊ दे म्हणावं.”